ड्योढीत बसलेली पत्रं

सन २००८. माझं वय पंचावन्न. फौजेतून हवालदार होऊन बाहेर पडलो त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि लखनौमध्ये अवस्थीजींच्या कंपनीत मी पहारेकरी म्हणून लागलो होतो. कागदावर शेवटपर्यंत पहारेकरीच राहिलो. काम मात्र निराळं होतं. शहरातल्या दुकानदारांची, हॉटेलवाल्यांची, कारखानदारांची ई-मेल ज्या यंत्रात येऊन पडायची ते यंत्र मी सांभाळत होतो, आणि त्यात येणारा कचरा चाळून वेगळा काढत होतो.

आपल्या लखनौच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात शास्त्रज्ञ आणि प्राध्यापक लिहितात. त्यांची भाषा चांगली असते. माझी शाळा सहावीत सुटली. तरी संपादकबाई वृंदावन योजना या वस्तीतल्या माझ्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, काका, तुम्ही बोलता तसं लिहा. मी म्हटलं, बोलतो तसं लिहिलं तर तुम्ही छापणार नाही. म्हणून मधलं काहीतरी लिहितो आहे.

आधी काम काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक छोटी खोली. एसी कायम चालू, उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर लागायचा. मध्ये लोखंडी मांडणीवर ते यंत्र. त्याला सर्व्हर म्हणतात. ते लिनक्स नावाच्या पद्धतीवर चालायचं. त्यात चित्रं नाहीत, माऊस नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आपण एक ओळ टाइप करायची, त्यानं ओळीनंच उत्तर द्यायचं. चूक असेल तर ते स्पष्ट सांगायचं आणि गप्प बसायचं. मला हा स्वभाव पहिल्या दिवसापासून आवडला.

मी त्या खोलीत शिरलो ते फोनमुळे. अवस्थीजी म्हणजे कंपनीचे मालक, इंजिनियर माणूस, वयानं माझ्याहून लहान. दुपारी जेवायला घरी जायचे आणि नेमकं तेव्हाच यंत्र अडायचं. ते दारावर मला फोन करायचे, हवालदार साहब, जरा अंदर जाइए, मी सांगतो ती अक्षरं टाइप करा. मी फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे संदेश घेण्या-पाठवण्याच्या खात्यात होतो. इंग्रजीचा अर्थ मला फारसा कळत नसे, पण अक्षर कळत होतं. कानानं ऐकलेलं अक्षर हातानं जसंच्या तसं उतरवणं, यात माझी सगळी नोकरी गेली होती. अवस्थीजी सांगायचे, मी टाइप करून परत वाचून दाखवायचो, मोकळी जागा कुठं सोडली तेही सांगायचो, आणि मगच बटण दाबायचो. एकदाही चुकलं नाही. पुढं त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. शिकवायला चांगले होते. चिडायचे, पण सांगायचे.

आता चाळण. जगभरातून रोज जी मेल येते त्यातली निम्म्याहून जास्त कचरा. गोळ्यांच्या जाहिराती, लॉटऱ्या, कुठल्यातरी मेलेल्या मंत्र्याची बायको आणि तिचा अडकलेला पैसा. हे सगळं गिऱ्हाईकाच्या चांगल्या पत्रांत मिसळून आलं तर तो वैतागतो. म्हणून यंत्रात एक चाळण बसवलेली असते. ती प्रत्येक पत्राला गुण देते. पण उलटे. सगळी मोठी अक्षरं असतील तर गुण, पैशाची घाई असेल तर गुण, पत्र आलं त्या वाटेत काही गडबड असेल तर आणखी गुण. कमी गुणवाला पास, जास्त गुणवाला नापास. माझ्या शाळेत ही पद्धत असती तर मी शाळा सोडली नसती.

नापास पत्र फेकायचं नाही. ते गिऱ्हाईकाच्याच खात्यात, पण वेगळ्या कप्प्यात टाकायचं. कप्प्याचं नाव जंक. गिऱ्हाईकानं हवं तर तिथं जाऊन बघावं. हा नियम माझा होता आणि मी त्यावर अडून असायचो. सिग्नलमध्ये संदेश अर्धवट आला, खोटा वाटला, तरी तो फाडायचा अधिकार ऑपरेटरला नसतो. बाजूला ठेवायचा, वर कळवायचं, ज्याचा असेल त्यानं ठरवायचं. दुसरा नियमही तिथलाच. मजकूर वाचायचा नाही. संदेशाचं फक्त डोकं बघायचं. कुठून, कुणाला, केव्हा, कुठल्या वाटेनं. इतक्या वर्षांत मी कुणाचंही पत्र आतून वाचलं नाही. वाचलं असतं तरी समजलं नसतं असं माझी बायको सुमन म्हणते, ते सोडा.

या चाळणीला शिकवावंही लागतं. गिऱ्हाईकानं एखादं पत्र उचलून जंकमध्ये टाकलं की चाळण शिकते, असलं पत्र वाईट. जंकमधून बाहेर काढलं की शिकते, असलं पत्र चांगलं. अडचण एवढीच की आमच्याकडं सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून चाळण एक होती. एकानं शिकवलेलं सगळ्यांना लागू.

चारबागला स्टेशनसमोर हॉटेल असलेले रस्तोगीजी आमचे जुने गिऱ्हाईक. उतरून गेलेले प्रवासी त्यांना तक्रारी लिहायचे, आणि तक्रार बहुतेक बाथरूमची असायची. रस्तोगीजी वाचायचे नाहीत, उचलून जंकमध्ये टाकायचे. चाळण शिकली की बाथरूम हा शब्द वाईट. इकडं इंदिरा नगरमध्ये शुक्लाजींचं दुकान होतं, नळ, कमोड, टाइल्स यांचं. त्यांच्या एकूणएक पत्रात बाथरूम. बिचाऱ्यांचा सगळा धंदा जंकमध्ये जाऊन पडायला लागला. मी रस्तोगीजींना फोन केला की असं करू नका. ते म्हणाले, कूड़ा ही तो है, हवालदार साहब. मी परत फोन केला. परत तेच. शेवटी शुक्लाजींना मी सांगून ठेवलं की रोज सकाळी दुकान उघडलं की आधी जंक उघडायचं आणि आपली पत्रं बाहेर काढायची. रस्तोगीजी आत टाकायचे, शुक्लाजी बाहेर काढायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं.

हे चाललं होतं तोवर मला हसू येत होतं. त्या जानेवारीत हसू गेलं.

धुक्याचे दिवस होते. एका सकाळी आमचं गिऱ्हाईक असलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. त्या संस्थेच्या अध्यक्षांना पडद्यावर काहीतरी दाखवत होत्या आणि वर पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात आली. बाई एवढ्या हळू आवाजात बोलत होत्या की त्यावरून मला राग किती आहे ते समजलं. मग कोचिंग क्लासवाल्याचा फोन, मग होमिओपॅथी डॉक्टरांचा. जो कचरा अडायला हवा तो सगळ्यांच्या खात्यात राजरोस शिरत होता. चाळण ढिली पडली होती. रस्तोगीजी म्हणाले, महिनाअखेरीला आम्ही दुसरीकडं जातो. बाईही म्हणाल्या. हे दोघे गेले की मागून बाकीचे जाणार, हे अवस्थीजींना कळत होतं आणि मलाही.

शुक्रवारी त्यांनी मला आत बोलावलं. निर्णय झालेला होता. सोमवारी सकाळपासून संशयाचं पत्र दारातच फेकायचं. कप्पा नाही, जंक नाही, काही नाही. गुणांची रेषाही खाली आणायची, म्हणजे जरा शंका आली की बाहेर. त्यांनी नियमाची ओळ लिहूनसुद्धा ठेवली होती, फक्त चालू करायची बाकी होती.

मी म्हटलं, हे होणार नाही.

ते म्हणाले, "हवालदार साहब, यह आपकी पलटन नहीं है। मेरी कंपनी है।"

"कंपनी आपकी है, साहब। चिट्ठी आपकी नहीं है।"

 ते म्हणाले, सोमवारी सकाळपर्यंत चाळण परत घट्ट करून दाखवा. नाहीतर ती ओळ मी चालू करणार, आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही. मी म्हटलं, ओळ चालू झाली तर मी परत दारावर खुर्ची टाकून बसेन, आतल्या खोलीत पाय ठेवणार नाही. असं बोलून बसलो. सुमन म्हणते माझी जीभ माझ्या पेन्शनपेक्षा मोठी आहे.

यंत्र सगळ्याची नोंद ठेवतं. कुठल्या खात्यातून कुठलं पत्र कुठं हललं, ओळीवर ओळ. मी दुपारभर त्या ओळी बघत बसलो. सगळी गिऱ्हाइकं कधीमधी एखादं पत्र हलवत होती. एकच खातं असं होतं की जंकमध्ये पडलेलं प्रत्येक पत्र रोज सकाळी एकेक करून बाहेर काढलं जात होतं. एकही सुटत नव्हतं. आणि प्रत्येक वेळी आमची चाळण मान डोलावून शिकत होती, की हे चांगलं, हेही चांगलं. लॉटरी चांगली, मंत्र्याची विधवा चांगली, गोळ्या चांगल्या.

खातं होतं मिर्झा साहेबांचं.

मिर्झा साहेब चौक या लखनौच्या जुन्या बाजारातले चिकनचे, म्हणजे लखनवी कशिद्याच्या कापडाचे, जुने व्यापारी. सत्तरीच्या पुढचे. कुर्ते, साड्या, कापडाचे तागे बाहेरदेशी पाठवायचे. त्यांचं खातं मीच सुरू करून दिलं होतं, तेव्हा एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि परत गेलो. गल्ली एवढी अरुंद की स्कूटर कोपऱ्यावर ठेवावी लागते. मला त्यांनी लगेच वर बोलावलं. गादी, लोड, एका बाजूला कापडाचे गठ्ठे, आणि बुटक्या मेजावर कॉम्प्युटर, त्यावर मलमलीचा रुमाल झाकलेला. चहा आला. चहा संपेपर्यंत त्यांनी कामाचं विचारलं नाही. सुमनची विचारपूस केली, पेन्शन वेळेवर येते का विचारलं, साताऱ्याकडं माझ्या गावाला पाऊस कसा झाला तेसुद्धा विचारलं.

मग मी विचारलं की जंकमधली पत्रं आपण रोज बाहेर का काढता.

त्यांनी रुमाल काढला आणि मला दाखवलंच. ते प्रत्येक पत्राला उत्तर लिहीत होते. एका बोटानं, सावकाश. मंत्र्याच्या विधवेला त्यांनी दुखवट्याचं पत्र पाठवलं होतं आणि पैशाच्या कामात मदत करता येत नाही म्हणून माफी मागितली होती. लॉटरीवाल्याला लिहिलं होतं की बक्षीस माझ्याहून गरजू माणसाला द्यावं. गोळ्यावाल्याला कळवलं होतं की अल्लाच्या मेहेरबानीनं तब्येत ठीक आहे, आठवण ठेवल्याबद्दल आभार. एक पैसा कुणाला दिला नव्हता. फक्त उत्तर.

मी कपाळावर हात मारणार होतो, पण त्या घरात तसं करता येत नाही.

मी सांगितलं की साहेब, उत्तर गेलं की त्यांना कळतं इथं कुणीतरी बसलेलं आहे, आणि मग ते दहापट पाठवतात. शिवाय आपण ती बाहेर काढता त्यामुळं सगळ्या शहराची चाळण बिघडते. शाळेच्या बाईंची गोष्ट सांगितली. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, मी स्वतः जाऊन बाईंची माफी मागतो. पण उत्तर देणं सोडणार का, तर नाही.

"किसी ने सलाम भेजा है, हवालदार साहब। जवाब न दूँ?"

"साहब, मशीन भेजती है। लाखों को एक साथ।"

"मशीन ने भेजा होगा। नाम तो मेरा लिखा है।"

मग म्हटलं, बरं, उत्तर द्यायचं तर द्या, पण पत्र आहे तिथंच ठेवून द्या ना, बाहेर कशाला काढता. ते म्हणाले, ज्या कप्प्यावर कचरा असं लिहिलं आहे, त्यात बसलेल्या माणसाशी मी कसं बोलू? आधी त्याला उठवून वर आणतो, मग लिहितो. एवढं तरी करायला हवं.

 मी शेवटचं सांगितलं, की सोमवारपासून मालक असली पत्रं दारातच फेकणार आहेत. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं राग आला. राग नव्हता. त्यांनी एक जुनं पत्र उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मी वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून सांगितलं. हे नायजेरियातल्या लागोसहून मादामचं पहिलं पत्र. मादाम तिथं लग्नाच्या कपड्यांचं दुकान चालवते. सगळी मोठी अक्षरं, वर 'अतिशय तातडीचं', खाली पैसे पाठवण्याची गोष्ट. अगदी त्या विधवेसारखंच. चौकातल्या सगळ्यांनी सांगितलं की ठग आहे, सोडा. मिर्झा साहेबांनी सलामाला सलाम केला. नमुने पाठवले. तेव्हापासून मादाम दर लग्नसराईला माल उचलते. तिच्या मालाची कशिदाकारी काकोरीकडच्या बायका घरी बसून करतात. बाकीची गिऱ्हाइकं हळूहळू गेली, यंत्रावर भरलेला कशिदा स्वस्त पडतो. त्या घरांत सुई चालते ती आता या बाईमुळं.

मी म्हटलं, मग तिचा पत्ता द्या, तो मी कायमचा पास करतो. ते हसले. मादाम दर वेळी वेगळ्या ठिकाणी बसून लिहिते, दर वेळी नव्या पत्त्यावरून. या वर्षीची ऑर्डर अजून यायची होती. रोज वाट बघत होते.

आता सगळं माझ्यासमोर मांडलेलं होतं. सोमवारी ती ओळ चालू झाली की मादामचं पत्र दारात जळणार, आणि ते आलं होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही. ओळ चालू होऊ नये तर मिर्झा साहेबांनी कचरा उचलून आणणं थांबवायला हवं. आणि ते काही थांबवणार नव्हते. मी हट्टी आहे हे माझं सगळं गाव सांगेल. त्या दिवशी मला माझ्या जोडीचा माणूस भेटला.

सलाम करून मी जिना उतरलो. खाली दाराशी त्यांची ड्योढी आहे. चौकातल्या जुन्या घरांना असते. आपली ओसरी म्हणा, पण रस्त्याच्या दाराच्या आत आणि घराच्या दाराच्या बाहेर. एक लाकडी बाक, कोपऱ्यात सुरई. बाकावर दोघं बसले होते. एकाच्या मांडीवर दोऱ्याच्या लडी, विकायला आलेला. दुसरा कोण होता कुणास ठाऊक, विम्याचा एजंट असावा, टाय लावून आला होता. घरातला म्हातारा नोकर त्यांना पाणी देत होता आणि सांगत होता, साहेब येतातच खाली. मला आठवलं, पहिल्या खेपेला मीही याच बाकावर बसलो होतो, याच सुरईचं पाणी प्यायलो होतो आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नव्हता.

मी तसाच मागं फिरलो आणि परत जिना चढलो. मिर्झा साहेब दुसरं उत्तर लिहायला बसले होते.

मी विचारलं, साहेब, अनोळखी माणूस आला तर आपण त्याला सरळ वर बोलावता का?

म्हणाले, नाही, घरात बायकामाणसं आहेत.

मग दारातून हाकलता?

त्यांनी कानाला हात लावला. "ड्योढ़ी में बैठाते हैं। पानी भिजवाते हैं। मैं ख़ुद उतरकर मिलता हूँ।"

"और पहचान निकल आए तो?"

"तो हाथ पकड़कर ऊपर ले आता हूँ।"

मी म्हटलं, "तो इन ख़तों के लिए भी एक ड्योढ़ी बना दूँ?"

 मी समजावलं. कप्प्याचं नाव बदलतो. जंक नाही, कचरा नाही. ड्योढी. अनोळखी पत्र तिथं बसेल, कुणी फेकणार नाही. आपण खाली उतरायचं, तिथंच भेटायचं, तिथंच उत्तर द्यायचं. ओळखीचं निघालं तर आणि तरच हात धरून आत आणायचं. बाकीच्यांना आत आणायची गरज नाही, त्यांचा अपमान होत नाही.

 त्यांनी विचारलं, "पानी?"

मी म्हटलं, पाण्याचं यंत्रात जमणार नाही, साहेब. तेवढं माफ करा. तेव्हा हसले आणि हो म्हणाले.

हे मला सुचलं आणि ते सांगायला मी लाजत नाही. काम एका ओळीचं होतं. त्यांच्या खात्यापुरतं कप्प्याचं नाव बदललं, इंग्रजी अक्षरांत ड्योढी लिहिलं, आणि नापास पत्रांना तिकडं वळवलं. पण चाळण जे उलटं शिकून बसली होती ते विसरवणं बाकी होतं. त्याला ओळ नसते. एकेक पत्र तिच्यापुढं धरून सांगावं लागतं की हे तू चुकीचं शिकलीस. रविवारी सकाळी मी खोलीत शिरलो. त्या दिवशी मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि सुमनला स्कूटरवर सोडायचं कबूल केलं होतं. ती रिक्षानं गेली. ती रिक्षा अजून आमच्या घरात बोलण्यात येते. संध्याकाळी धुकं उतरलं तेव्हा माझं संपलं. पत्रांची डोकी बघून बघून माझंच डोकं उठलं होतं, पण चाळण पुन्हा ताणून बसली होती. त्या रात्रीत एकदाही गोळ्या कुणाच्या खात्यात गेल्या नाहीत.

आता ते यंत्र नाही. पुढं काही वर्षांनी सगळी गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्यांच्या मेलवर गेली. तिथंही चाळण आहे, आमच्यापेक्षा चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती कोण शिकवतं, कुठं बसून शिकवतं, ते कुणाला ठाऊक नाही. आमच्याकडं निदान फोन केला तर मी उचलत होतो. मिर्झा साहेबही गेले. हे लिहिताना त्यांची आठवण येते, कारण ते असते तर हा अंक त्यांनी घेतला असता, एक अक्षर कळलं नसतं, आणि मला आभाराचं पत्र पाठवलं असतं.

तर त्या सोमवारी सकाळी अवस्थीजी आले. कोट काढून खुर्चीला लावला आणि यंत्रासमोर बसले. मी त्यांना सांगितलं काय काय केलं. शाळेचा फोन आलेला नव्हता, कोचिंगचा नव्हता. ते नोंदी बघत होते. म्हणाले, एका रात्रीचं काय सांगता, तो म्हातारा आज परत सगळं आत ओढणार. आणि त्यांनी ती फेकायची ओळ पडद्यावर काढली.  माझं बोलायचं ते शुक्रवारी बोलून झालं होतं. दाराशी माझी जुनी खुर्ची होती, तिच्याकडं माझं लक्ष गेलं एवढं खरं.

आम्ही दोघं बघत राहिलो. ही मिर्झा साहेबांची उत्तरं लिहायची वेळ. नोंदीत दिसत होतं, ते खात्यात आले आहेत. ड्योढी उघडली. एक उत्तर गेलं. पत्र जागचं हललं नाही. दुसरं गेलं. तेही हललं नाही. अवस्थीजी पुढं वाकून बघायला लागले. तिसरं उत्तर गेलंच नाही. सगळं थांबलं. आणि फोन वाजला.

अवस्थीजींनी स्पीकरचं बटण दाबलं. मिर्झा साहेब होते. आधी सलाम झाला, मग माझ्या तब्येतीची चौकशी, मग रविवारी त्रास दिल्याबद्दल माफी. अवस्थीजी माझ्याकडं बघत होते. मग मिर्झा साहेब म्हणाले:

"हवालदार साहब, हमारी मादाम ड्योढ़ी में बैठी हैं। इजाज़त हो तो अंदर ले आऊँ?"

 फौजेत बऱ्याच मोठ्या माणसांनी मला हुकूम दिले. इजाजत कुणी मागितली नव्हती.

"ले आइए, साहब।"

पडद्यावर एक ओळ उमटली. लागोसहून आलेलं एक पत्र, ड्योढीतून आत. त्याला मिळालेले गुण शेजारी लिहिलेले होते, एवढे की अवस्थीजींच्या नियमानं ते दारात दोनदा मेलं असतं. त्यांनी ते वाचलं. मग फेकायची ओळ पुसली, अक्षर अक्षर मागं घेत, सगळी पुसली. उठले, कोट घातला आणि जाताना मला म्हणाले की त्या दाराशी उगाच एक खुर्ची पडली आहे, अडखळायला होतं, ती आत घ्या.

शुक्लाजींची पत्रं मात्र अजून जंकमध्येच पडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, फौजेतला ब्लेझर घातला, स्कूटर काढली आणि चारबागला रस्तोगीजींच्या हॉटेलात गेलो. ते गल्ल्यावर बसले होते. चहा सांगतो म्हणाले. मी म्हटलं, चहा नंतर, आधी मला तुमचं बाथरूम दाखवा.